पाहुण्याचा खर्च मांडला, राखणदाराची मजुरी कुठे?

(वणी येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आजच्या बैठकीत कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी आणि वीजबिल एवढेच विषय होते. त्यात आम्ही आणखी एक विषय मागून घेतला. रानात, माळावर, अभयारण्यात फिरायला येणाऱ्या माणसाच्या एका फेरीची किंमत किती आणि ती काढतात कशी, हा तो विषय. कोणी म्हणेल, हा रिकामपणाचा उद्योग आहे, आपल्याला त्याचे काय? पण आजकाल आपल्या शेजारच्या माळाबद्दल, वनाबद्दल कोणीतरी शहरातून येतो आणि सांगतो, या जागेचे मूल्य इतके लाख, तितके कोटी. तो आकडा मग सरकारी कागदात जातो. त्या आकड्यावर कुंपण पडते, नाका बसतो, रस्ता होतो किंवा बंद होतो. उत्पादनखर्चाचा हिशेब आपण शिकलो नव्हतो तोवर आपल्या मालाचा भाव दुसरे ठरवत होते. हा हिशेबही आपण शिकलो नाही तर आपल्या शिवाराची किंमतही दुसरेच ठरवतील.

तेव्हा आधी हिशेब समजून घेऊ, भांडण नंतर.

गडाचे तिकीट नाही, मग गडाची किंमत शून्य काय?

आपण वणीत बसलो आहोत. समोर सप्तशृंगीचा गड आहे. दर्शनाला पैसे लागत नाहीत. मग एखादा अर्थशास्त्री म्हणाला की जिथे तिकीट नाही तिथे उत्पन्न नाही आणि उत्पन्न नाही म्हणून किंमत नाही, तर तुम्ही त्याला हसाल. चैत्रात धुळे, मालेगाव, जळगाव, नंदुरबारकडून माणसे चालत येतात. उन्हात चार-चार, पाच-पाच दिवस चालतात. ज्या गोष्टीसाठी माणूस एवढी झीज सोसतो तिची त्याच्या लेखी काही किंमत आहे, हे सिद्ध करायला पुस्तक लागत नाही. किती, एवढाच प्रश्न उरतो.

हाच प्रश्न अमेरिकेत पडला होता. तिथे मोठमोठी राष्ट्रीय उद्याने आहेत, शहरापासून शेकडो मैल दूर. त्यांच्यावर सरकार खर्च करते. त्या खर्चाच्या बदल्यात लोकांना काय मिळते ते दाखवा, असा प्रश्न उद्यान खात्यापुढे आला. १९४७ साली हॅरॉल्ड हॉटेलिंग नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने खात्याच्या संचालकांना एक पत्र लिहिले. त्यात त्याने सांगितलेली युक्ती अगदी साधी आहे. उद्यान मध्ये धरा आणि त्याच्याभोवती गोल काढा. जवळच्या गोलातून दर हजार वस्तीमागे किती माणसे येतात ते मोजा. दूरच्या गोलातून किती येतात तेही मोजा. जवळच्याला यायला खर्च कमी, दूरच्याला जास्त. उद्यान तेच, झाडे तीच, डोंगर तोच. फक्त पोचण्याची किंमत वेगळी. म्हणजे तिकीट नसतानाही बाजारासारखी वेगवेगळ्या भावांची यादी आपोआप तयार झाली. या भावाला इतके गिऱ्हाईक, त्या भावाला तितके. १९५९ साली मॅरियन क्लॉसन यांनी ही युक्ती प्रत्यक्ष आकड्यांवर चालवून दाखवली. तिला प्रवासखर्चाची पद्धत म्हणतात.

भाव बदलला की फेऱ्या बदलतात, हे आपल्याकडेही दिसते. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट झाले. त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला. देवी तीच, गाडीही तीच, पण तिकीट उतरल्यावर घरात आधी नुसते 'जाऊ कधीतरी' म्हणणारी बाई पिशवी घेऊन स्टँडवर आली. तिची जाण्याची इच्छा नवी नव्हती. तिकिटाने ती अडवून धरली होती.

वहीत मांडून पाहू

आता आकडे घेऊ. हे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, कोणत्याही खऱ्या जागेचे नाहीत.

समजा, एक आडवळणाचे वन आहे. त्याच्या जवळ एक गाव आणि लांब एक गाव. दोन्हींची वस्ती हजार-हजार. जवळच्या गावातून जाऊन यायला १०० रुपये पडतात आणि वर्षाला ५०० फेऱ्या होतात. लांबच्या गावातून ३०० रुपये पडतात आणि ३०० फेऱ्या होतात. आणखी पलीकडच्या गावाहून ६०० रुपये पडतात, तिथून कोणीच येत नाही. म्हणजे दर रुपया खर्च वाढला की एक फेरी कमी होते आणि ६०० रुपयांवर सगळे थांबते.

आता जवळच्या गावातले ५०० फेऱ्यांचे लोक पाहा. त्यातला पहिला हौशी माणूस ६०० रुपये पडले असते तरी गेला असता. त्याला १०० च पडले. त्याचे ५०० वाचले. शेवटचा माणूस जेमतेम १०० द्यायला तयार होता, त्याचे काहीच वाचले नाही. वाचलेले पैसे ५०० पासून शून्यापर्यंत, सरासरी २५०. पाचशे फेऱ्या गुणिले २५०, म्हणजे १,२५,००० रुपये. लांबच्या गावाचे तसेच: वाचलेले ३०० पासून शून्यापर्यंत, सरासरी १५०, गुणिले ३०० फेऱ्या, म्हणजे ४५,०००. दोन्ही मिळून १,७०,००० रुपये. नाक्यावर एक पैसा गोळा झाला नाही, तरी त्या वनाने येणाऱ्यांना वर्षाला एवढा फायदा दिला.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. लोकांनी खर्च केलेला पैसा वेगळा आणि हा फायदा वेगळा. खर्च झाला ५०० गुणिले १०० अधिक ३०० गुणिले ३००, म्हणजे १,४०,००० रुपये. तो पेट्रोलवाल्याला, एस.टी.ला, हॉटेलवाल्याला गेला. १,७०,००० हा येणाऱ्याच्या मनातला आणि खिशातला नफा आहे. वर्तमानपत्रात 'पर्यटनातून इतके कोटी' असे छापून येते तेव्हा हे दोन आकडे पुष्कळदा एकमेकांत मिसळलेले असतात. पहिला प्रश्न हाच विचारायचा: हा आकडा खर्चाचा की फायद्याचा?

आता त्या वनाला नाका बसवला आणि माणशी २०० रुपये फी लावली. जवळच्याला १०० चे ३०० झाले, ५०० फेऱ्यांच्या ३०० उरल्या. लांबच्याला ३०० चे ५०० झाले, ३०० फेऱ्यांच्या १०० उरल्या. फी जमली ४०० गुणिले २००, म्हणजे ८०,००० रुपये. येणाऱ्यांकडे फायदा उरला ४५,००० अधिक ५,०००, म्हणजे ५०,०००. बेरीज १,३०,०००. आधी १,७०,००० होते. मधले ४०,००० कोणालाच मिळाले नाहीत, ते न आलेल्या माणसांबरोबर गेले. लांबच्या गावातले तीनातले दोन गळले. फी लावू नये असे आम्ही म्हणत नाही. फी लावली की काय होते ते मोजून मग लावा, एवढेच म्हणतो. आणि जमलेले ८०,००० कोणाच्या पेटीत गेले, हा पुढचा प्रश्न.

वेळेची किंमत

या पद्धतीत एक नाजूक जागा आहे. ती तुम्हाला ओळखीची वाटेल.

प्रवासाचा खर्च म्हणजे फक्त तिकीट नव्हे, वेळही गेला. त्या वेळेची किंमत काय धरायची? अभ्यासकांत एक रूढ रीत अशी की माणसाच्या मजुरीच्या एक तृतीयांश धरायचे. मुंबईचा पगारदार ताडोब्याला वाघ बघायला गेला तर त्याच्या तासाचा एक तृतीयांश मोठा भरतो. चैत्रात पायी निघालेल्या कापूस उत्पादकाच्या बाबतीत हिशेब मांडणारा काय म्हणतो? रब्बी निघाली, खरीप लांब आहे, हा माणूस रिकामाच होता, त्याच्या वेळेची किंमत शून्य. वाटेतल्या गावांनी त्याला पाणी पाजले, जेवू घातले, म्हणजे जेवणाचा खर्चही शून्य. पाच दिवस चाललेल्याची फेरी कागदावर सगळ्यात स्वस्त!

हे आपण आधी कुठे पाहिले? उत्पादनखर्चात पाहिले. खत, बियाणे, औषध धरायचे आणि घरधन्याची, घरधनिणीची, पोरांची मेहनत मात्र 'घरचीच तर आहे' म्हणून सोडून द्यायची. घरची मजुरी धरा, जमिनीचा खंड धरा, हे सांगण्यात आपली उमर गेली. इथेही तोच नियम लावला पाहिजे. शेतकऱ्याचा दिवस कोणत्याही वहीत फुकट धरला जाता कामा नये.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पायी येणाऱ्याला चालणे ही झीज नाही, तीच वारी आहे. गाडीत बसवून नेतो म्हटले तर तो बसणार नाही. मग त्याचे पाच दिवस खर्चात धरायचे की फायद्यात? ही पद्धत इथे अडखळते. तसेच एका गाडीत त्र्यंबक, वणी, शिर्डी असे तीन ठिकाणचे दर्शन झाले तर डिझेल कोणाच्या नावे टाकायचे? यावर ठोकळ वाटणी करतात, पण ती वाटणीच असते. आकड्यामागे दशांश दिसले म्हणून आकडा खरा समजू नका.

माणूस येत नाही म्हणून माळ फुकटचा नाही

आता गडावरून खाली उतरू आणि आपल्याच जिल्ह्याच्या कोरडवाहू भागात जाऊ. येवला तालुक्यात ममदापूर-राजापूरच्या माळावर काळवीट आहेत. तिथे संवर्धन राखीव क्षेत्र केले आहे, सुमारे साडेपाच हजार हेक्टरांचे. जागा आडबाजूची आहे. गडावर लाखांनी माणसे येतात, त्या मानाने इथे तुरळक. प्रवासखर्चाची पद्धत लावली तर आकडा लहान येणार. कारण साधे आहे: माणसे कमी येतात. पण काळवीट कमी मोलाचा आहे असे त्यातून निघत नाही. जागा लांब आहे एवढेच निघते.

हे ओळखून अभ्यासकांनी दुसरी वाट काढली: न येणाऱ्यालाच विचारायचे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाबद्दल मुंबईच्या कुटुंबांना असे विचारले होते. हे उद्यान टिकावे म्हणून महिन्याला किती द्याल? १९९७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी उत्तर आले, कुटुंबामागे महिन्याला साडेसात रुपये. आकडा हसण्यासारखा वाटतो. पण साडेसात रुपये महिना म्हणजे वर्षाला ९० रुपये. एक लाख कुटुंबे धरली तरी ९० लाख रुपये होतात, आणि मुंबईत एक लाख नव्हे, कित्येक लाख कुटुंबे आहेत. त्यातली बरीचशी उद्यानात पाऊलही टाकत नसतील. तरी ते असावे असे त्यांना वाटते. बोलण्यापेक्षा देणे अवघड असते, हे धरून त्या आकड्यातून थोडे वजा करा. तरी मुद्दा उरतो: राखलेल्या जागेचा फायदा दूर बसलेल्या माणसालाही होतो.

दुसरा रकाना

इथवर सगळा हिशेब येणाऱ्याचा आणि न येणाऱ्या शहरवासीयाचा झाला. ज्याच्या बांधाशी ते वन आहे त्याचे नाव वहीत कुठेच आले नाही. हा या पद्धतीचा दोष म्हणा किंवा ती वापरणाऱ्यांचा म्हणा. पाहुण्याने किती खर्च केला ते मोजायला ती निघाली होती. यजमानाचे काय गेले हे मोजणे तिचे काम नव्हते. पण सरकारी कागदात तिचा आकडा एकटाच जातो, तेव्हा तो अर्धा हिशेब पूर्ण म्हणून खपतो.

काय जाते ते तुम्हाला सांगायला नको. कोवळी कपाशी, हरभरा, हुरड्यात आलेली ज्वारी. दिवसा काळवीट, रात्री रानडुक्कर, कुठे रोही. नुकसान झाले की पंचनामा, पंचनाम्यानंतर भरपाईचा अर्ज. पण पंचनामा होतो तो खाल्लेल्या पिकाचा. पीक खाल्ले जाऊ नये म्हणून काढलेल्या रात्रींचा पंचनामा होत नाही. जागलीला बसलेला माणूस सकाळी पुन्हा कामाला जुंपतो. त्याची ती रात्र कोणत्याच खात्यात जमा नाही.

मघाच्या वहीतच मांडू. समजा त्या वनाच्या कडेला २० शेतकरी आहेत. प्रत्येकाने पिकाच्या ऐन भरात ३० रात्री राखण केली. रात्रीची मजुरी फक्त ३०० रुपये धरा. एकाचे ९,००० झाले, वीस जणांचे १,८०,०००. येणाऱ्यांचा फायदा होता १,७०,०००. म्हणजे एकट्या जागलीनेच तो फायदा खाल्ला, पिकाचे नुकसान अजून धरलेच नाही.

यावरून वन मोडा, काळवीट हाकला, असा निष्कर्ष कोणी काढू नये. आम्ही शेतीशास्त्र शिकलो आहोत. माळावरचे गवत, जमिनीतला ओलावा, पाखरे आणि किडे यांचे नाते आम्हाला कळते. दूरच्या लाखो कुटुंबांचा फायदा वहीत धरला तर बेरीज पुन्हा जमेची होऊ शकते. तंटा बेरजेचा नाही, वाटणीचा आहे. फायदा एकाच्या खिशात आणि खर्च दुसऱ्याच्या डोक्यावर, हे किती दिवस चालायचे?

ज्वारीच्या मुलखाने हे एकदा भोगले आहे. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य झाले. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर! करमाळा, माढा, कर्जत, श्रीगोंदा अशा तालुक्यांतली गावेच्या गावे, पिकती शिवारे, घरेदारे कागदावर अभयारण्यात गेली. जमिनीच्या व्यवहारांना अडचणी आल्या. तीसेक वर्षांनी ते क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले. मधल्या काळात माळढोक वाढला काय? नाही, तो बोटांवर मोजण्याइतका उरला. ज्या शेतकऱ्याच्या शिवारात तो पक्षी टोळ-किडे टिपत होता त्यालाच त्याचा वैरी ठरवले. पक्ष्याचेही भले झाले नाही आणि शेतकऱ्याचेही नाही.

कायद्यात असलेली खुर्ची

आता काय करायचे ते सांगतो.

पहिली गोष्ट, फीचा पैसा. २००६ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली. व्याघ्र प्रकल्पांसाठी प्रतिष्ठान स्थापून प्रवेशाची आणि इतर फी तिथल्याच कामासाठी फिरवायची तरतूद आली. ताडोबा, मेळघाट त्यात येतात. वाघ असला की पैसा तिथे राहण्याची सोय आहे. काळवीट आणि माळढोक असला की तशी सोय कायद्यात नाही. कोरडवाहूच्या जनावरालाही कोरडवाहूचाच न्याय! माळरानाच्या क्षेत्रांनाही तीच तरतूद लागू करा, ही मागणी सरळ आहे.

दुसरी गोष्ट तर मागायचीही नाही, फक्त वापरायची आहे. संवर्धन राखीव क्षेत्र हा प्रकार २००२ च्या दुरुस्तीने कायद्यात आला. ते सरकारी मालकीच्या जागेवर, स्थानिक लोकांशी सल्लामसलत करूनच जाहीर करता येते. त्याच्या व्यवस्थापन समितीत, ज्या ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत ते क्षेत्र येते तिचा एक-एक प्रतिनिधी असलाच पाहिजे. शेतकी खात्याचा आणि पशुसंवर्धन खात्याचाही एकेक. म्हणजे तुमची खुर्ची कायद्याने मांडून ठेवली आहे. तिच्यावर आपला कोण बसतो, बैठक कधी झाली, वहीत काय लिहिले, हे ग्रामसभेत विचारा. जो जाईल त्याने मोकळ्या हाताने जाऊ नये.

तिसरी गोष्ट म्हणजे ती वही. हंगामभर प्रत्येक बांधकऱ्याने चार गोष्टी लिहायच्या: तारीख, कोणते पीक, किती तास राखण, काय खाल्ले गेले. मजुरी त्या वेळी गावात चालू असेल ती. दुसऱ्या बाजूला, काळवीट बघायला आलेल्या गाडीला शिकल्या-सवरलेल्या पोरापोरींनी पाच प्रश्न विचारायचे: कुठून आलात, किती जण, वाटेत किती खर्च झाला, किती वेळ लागला, आणखी कुठे जाणार. झाला प्रवासखर्चाचा अभ्यास! गडावर तर याहून सोपे आहे. यात्रेच्या काळात खाजगी गाड्या नांदुरीला थांबवून वर एस.टी.च सोडतात, तेव्हा फेऱ्या आणि तिकिटे मोजलेलीच असतात. २०१८ साली गडावर फिरती ट्रॉली सुरू झाली. तिने चढण्याचा वेळ किती वाचवला आणि त्यातला किती भाग भाड्यात गेला, हेही याच वहीत मांडता येईल.

या सगळ्याचा एक ठराव आज मांडत आहोत. तो तुमच्या-तुमच्या ग्रामसभेत न्यावा:

'आमच्या हद्दीतील किंवा हद्दीलगतच्या कोणत्याही वन, माळ किंवा तीर्थक्षेत्राचे आर्थिक मूल्य काढताना येणाऱ्यांच्या फायद्याचा रकाना आणि राखणाऱ्यांच्या खर्चाचा रकाना एकाच कागदावर मांडावा. राखणीचा प्रत्येक तास चालू शेतमजुरीने धरावा. प्रवेशशुल्कातून प्रथम राखणीचा खर्च द्यावा. हा कागद ग्रामसभेत वाचून दाखवल्याखेरीज फी, कुंपण किंवा क्षेत्रवाढ यांचा निर्णय करू नये.'

ज्यांची शेते माळाला लागून आहेत त्यांनी आज जाताना हात वर करून नावे द्यावीत. कोरी वही आम्ही देऊ. ज्वारी हुरड्यात येण्याआधी पहिले पान लिहून झाले पाहिजे आणि पुढच्या जिल्हा बैठकीला भरलेल्या वह्या घेऊन या. बेरीज सगळ्यांच्या समोर करू.